भांडण मिटलं, पण तिकीट कोणी काढलं?

रविवारी मिसळ खायला गेलो होतो चौघं मित्र, आणि नेहमीप्रमाणे दुसरा पाव यायच्या आत राजकारण सुरू. एक म्हणाला हे राजकारणावरून लोकांत पडलेलं वैर आता एकदा डोकी फुटल्याशिवाय मिटत नाही. दुसरा म्हणाला काही नाही रे, म्हातारे गेले की आपोआप मिटेल, नवीन पोरांना कशाचंच काही पडलेलं नाही. तिसरा पापड मोडत होता, त्याला दोन्ही पटत होतं. मी तेव्हा गप्प बसलो पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय, लांब होईल, वेळ असेल तरच वाचा.

आधी घरचं सांगतो. माझे वडील आणि मामा 2019 च्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. कोण कुठल्या बाजूचा ते सांगत नाही, कमेंटमध्ये तेच सुरू होईल. जेवणाच्या ताटावर भांडण झालं, मामा अर्ध्या जेवणावरून उठला (आमरस होता, तरी उठला, यावरून काय ते समजा) आणि त्यानंतर वडिलांनी मामाच्या गावची, निफाडची वाट सोडली. वडील सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले, मामाची कांदा आणि द्राक्षं. चाळीस वर्षांचं मेव्हण्या-दाजीचं नातं, आणि कशावरून तुटलं तर ज्यांना हे दोघं कधी भेटलेले नाहीत अशा माणसांवरून.

तर मिटतं का? मिटतं. पण आपण समजतो तसं नाही. आपल्याला वाटतं एक दिवस समोरच्याला आपलं पटेल, तो म्हणेल अरे हो चुकलंच माझं. असं कुठे झालेलं मला तरी माहीत नाही.

आपल्या नाशिकचंच घ्या ना. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळेस काय वातावरण होतं ते आजोबांकडून ऐकलंय, सोयरिकी मोडायच्या. काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे म्हणाले आणि लोकांच्या लेखी गद्दार ठरले. 1957 ला नाशिकची लोकसभेची सीट काँग्रेसच्या हातून गेली, निवडून आले संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने दादासाहेब गायकवाड. आणि 1963 च्या पोटनिवडणुकीत ह्याच नाशिकमधून तेच यशवंतराव बिनविरोध. बिनविरोध! सहा वर्षांत! कोणी कोणाला वादात हरवलं म्हणून नाही झालं हे. मधल्या काळात 1 मे 1960 ला राज्य मिळालं, म्हणजे ज्यावरून भांडण तोच मुद्दा संपला, आणि 1962 ला चीन घुसला, यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, एकदम नवीनच प्रश्न समोर आला. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, जनसंघ असे जे एका समितीत बसले होते ते परत आपापल्या वाटेने गेले. पण शंभरावर माणसं गोळ्या खाऊन गेली त्याआधी. आणि बेळगाव राहिलं ते राहिलंच. डांग पण गुजरातेत गेलं, आज आपण सापुताऱ्याला बोट चालवायला जातो तेव्हा कोणाच्या डोक्यातही येत नाही.

म्हातारे गेले की मिटतं, हे पण अर्धंच खरं आहे. 1907 ला काँग्रेसच्या सुरतेच्या अधिवेशनात जहाल-मवाळ एवढे पेटले की स्टेजवर जोडा भिरकावला गेला आणि तोही आपल्याकडचा दक्षिणी जोडा, फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी दोघांनाही लागला म्हणतात. 1916 ला लखनौला परत सगळे एकत्र. पण मधे 1915 ला गोखले गेले, त्याच वर्षी मेहता गेले. टिळकांनी गोखल्यांना भारताचा हिरा म्हटलं, पण कुठे, तर स्मशानात. नऊ वर्षं. आणि त्यातली सहा टिळक मंडालेत. म्हणजे वाट बघत बसलात तर मिटतं, पण तुमच्या हयातीत मिटेल याची गॅरंटी नाही.

मला ह्या सगळ्यात उत्तर आयर्लंडची केस सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. ब्रिटनबरोबरच राहू म्हणणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडला जोडा म्हणणारे कॅथलिक, ह्यांच्यात तीस वर्षं मारामारी, साधारण साडेतीन हजार माणसं मेली, आणि तो एवढासा प्रदेश, आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा लोकसंख्येने लहान. 1998 ला करार झाला. तो का टिकला तर त्यात अशी सोय केली की कोणीही जिंकलं तरी सरकारात दोन्ही बाजू बसणार, मुख्यमंत्री एका बाजूचा तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या बाजूचा, आणि नावात उप असलं तरी अधिकार सेम. म्हणजे हरलो तर संपलो ही भीतीच काढून टाकली. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. माणूस विचारांमुळे एवढा कडवट होत नाही, हरलो तर हे आपल्याला जगू देणार नाहीत ह्या भीतीने होतो. ती भीती खरी किती आणि टीव्हीवाल्यांनी, फॉरवर्डवाल्यांनी पेरलेली किती हा वेगळा विषय. तर 2007 ला इयान पेस्ली, ज्यांनी आयुष्यभर कॅथलिक बाजूला नाही नाही नाही म्हटलं, आणि मार्टिन मॅकगिनेस, जे आधी आयआरए ह्या कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेचे कमांडर होते, हे दोघं एकत्र सरकारात बसले आणि एवढे हसायला लागले की पेपरवाले त्यांना चकल ब्रदर्स (खुदुखुदु हसणारे भाऊ) म्हणायला लागले. प्रेमबिम झालं नव्हतं सगळ्यांचं. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांच्या मधल्या भिंती अजून उभ्या आहेत. पोरं बहुतेक अजून वेगवेगळ्या शाळेत जातात. पण बॉम्ब फुटणं जवळजवळ थांबलं.

आता इथपर्यंत ऐकून छान वाटतं, की बसा एका टेबलावर आणि वाटून घ्या. पण कोलंबिया बघा. तिथे लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ह्या दोन पार्ट्यांनी 1948 पासून दहा वर्षांत दोनेक लाख माणसं मारली. मग नेत्यांनी ठरवलं की चार वर्षं तुमचा अध्यक्ष, चार वर्षं आमचा, आणि सगळी पदं अर्धी अर्धी. 1958 ते 1974 असं चाललं. त्या दोघांचं मिटलं. आणि ज्यांना ह्या वाटपात जागाच नव्हती, भूमिहीन, डावे, ते जंगलात गेले, 1964 ला फार्क ही डाव्या बंडखोरांची संघटना उभी राहिली आणि तिच्याशी करार व्हायला 2016 उजाडलं.

अमेरिकेचं तर अजून बेकार. यादवी झाली, गुलामी संपली, आणि 1876 ची निवडणूक अशी अडकली की परत भडका उडेल असं वाटायला लागलं. मग 1877 ला तडजोड, तुम्ही अध्यक्षपद घ्या, बदल्यात दक्षिणेत उभं असलेलं सैन्य काढा. काढलं. उत्तर-दक्षिण गोऱ्यांचं हळूहळू गोड झालं, आणि दक्षिणेतल्या काळ्यांचा मताचा हक्क कागदावर राहिला, तो खरा मिळायला 1965 चा कायदा यावा लागला. सगळे म्हणाले देश एकत्र आला. त्याची किंमत कोणी मोजली ते कोणी विचारलं नाही.

म्हणून कोणी मला समंजसपणे म्हणतं ना की दोन्हीकडच्यांनी थोडं थोडं सोडलं पाहिजे, मधला मार्ग काढला पाहिजे, तेव्हा मला काळाराम मंदिर आठवतं. रोज गाडीवरून जातो त्या रस्त्याने. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड पुढे, दगड झेलले लोकांनी, पाच वर्षं चाललं आणि दार उघडलं नाही. गाव उभं फाटलं होतं तेव्हा, ध्रुवीकरणच होतं ते. तिथे मधला मार्ग काय असता सांगा? सभामंडपापर्यंत येऊ द्यायचं? एक दिवसाआड? 1935 ला बाबासाहेब येवल्याला म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि ते बरोबरच होतं माझ्या मते. काही फाटाफुटी मिटवायच्या नसतात, एका बाजूला हरावंच लागतं. प्रत्येक वेळेस शांतता म्हणजे चांगलं असं नाही.

आता मामाकडे परत येतो. 2023 च्या डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली, लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला हायवे अडवला. मामा तिकडे होता. म्हणे ज्याच्याशी बांधावरून आणि पार्टीवरून दहा वर्षं वाकडं तो शेजारी पण त्याच ट्रॅक्टरवर. दोघांचा कांदा एकाच भावाने पडला होता ना. वडिलांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि पहिल्यांदा आईला विचारलं की ह्याच्या कांदाचाळीत किती माल आहे. पार्टी बदलली नाही हं कोणीच, दोघंही 2024 ला आपापल्या जुन्याच बटणावर. पण त्या दिवाळीला भाऊबीजेला वडील स्वतः गाडी काढून आईला घेऊन निफाडला गेले, मी मागे बसलेलो. दारात दोन मिनिटं फार अवघड गेली. मग मामा म्हणाला, चला दाजी, चाळ बघून घ्या, नवीन बांधली. गेले दोघं. अर्धा तास कांद्यावरच बोलत होते, सॉरी वगैरे काही नाही, त्या आमरसाचा विषयच नाही.

येताना चांदोरीच्या पुढे आलो तेव्हा वडील खूश होऊन म्हणाले, चला, मिटलं एकदाचं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, पाच भाऊबीजा मी सीबीएस स्टँडवरून एकटी एसटीने गेले, करोनात गेले, संप होता तेव्हा काळीपिवळीत मागे कोंबून घेऊन गेले, ओवाळून संध्याकाळच्या आत परत, कारण घरी तुम्ही तोंड पाडून बसलेले आणि तिकडे तो. दोघांचे निरोप मीच इकडून तिकडे केले. मला विचारलं का कोणी?

वडील म्हणाले, शेवटी शेवटी तर अर्धं तिकीट झालं होतं की बायकांना.

त्यानंतर घर येईपर्यंत कोणी बोललं नाही.