'स्क्रीन रीडर हवा तर विंडोजच घ्या' हे खरं नाही

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. त्याबद्दल एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: "अंध माणसाला संगणक घ्यायचा तर विंडोजचाच घ्या. मॅक आणि लिनक्सवर स्क्रीन रीडर नावापुरताच असतो. शेजारी डोळस माणूस नसेल तर तिथं इन्स्टॉलेशनही होत नाही. अगदीच वेळ आली तर एनव्हीडीए वाइनमधून चालवा. नाहीतरी स्क्रीन रीडर सगळे सारखेच." (एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर, आणि वाइन हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवू पाहणारं सॉफ्टवेअर.) या सल्ल्याच्या भरवशावर लोक हजारो रुपयांचं यंत्र निवडतात, म्हणून एकेक वाक्य तपासायला हवं.

"नावापुरता असतो." मॅकमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर 2005 सालच्या टायगर आवृत्तीपासून सिस्टिममध्येच येतो, कमांड आणि एफ-5 दाबलं की बोलू लागतो. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर सुपर, ऑल्ट आणि एस दाबून ऑर्का हा स्क्रीन रीडर सुरू होतो. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि टर्मिनल घेऊन रोजचं काम त्यावर नीट होतं. मग तक्रार कुठून येते? बहुतेकदा एकाच अनुभवातून: ऑर्का सुरू केला आणि काहीच ऐकू आलं नाही. या शांततेची कारणं वेगवेगळी असतात, आणि ती शोधता येतात. प्रोग्रामनं बटणाचं नाव सांगायचं, ते एटी-एसपीआय या यंत्रणेनं ऑर्कापर्यंत पोचवायचं, ऑर्कानं ते स्पीच डिस्पॅचरकडे द्यायचं आणि त्यानं ईस्पीकसारख्या आवाजाकडून बोलून घ्यायचं, अशी ही साखळी आहे. टर्मिनलमध्ये स्पीच डिस्पॅचरची 'एसपीडी-से' ही आज्ञा एखादा शब्द देऊन चालवा. आवाज आला तर शेवटचा दुवा ठीक आहे. ऑर्का बंद करून पुन्हा सुरू करा. आवाज आलाच नाही तर ऑर्काला दोष देऊ नका, साउंड कार्डाची निवड आणि स्पीच डिस्पॅचर तपासा. बाकी सगळं बोलतं आणि एकच प्रोग्राम मुका राहतो, तेव्हा पहिला दुवा तुटलेला असतो. तो प्रोग्राम क्यूटी या प्रोग्राम बनवायच्या साधनसंचावर बनलेला असेल तर 'क्यूटी लिनक्स ॲक्सेसिबिलिटी ऑलवेज ऑन' (शब्दांमध्ये अंडरस्कोअर, सगळी कॅपिटल अक्षरं) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्राम सुरू होताना वाचतात त्या सिस्टिममधल्या सेटिंगची) किंमत 1 करून पुन्हा लॉग इन करा. पुष्कळदा तेवढ्यानं तो बोलू लागतो.

"डोळस माणसाशिवाय इन्स्टॉल होत नाही." हे तर उलटंच आहे. डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर बूट मेनूवर बीप वाजवतो. बीप ऐकल्यावर एस आणि मग एंटर दाबा, पुढचा प्रत्येक प्रश्न वाचून दाखवला जातो. संगणकात एकापेक्षा जास्त साउंड कार्डं असतील तर तो एकेका कार्डावर बोलून पाहतो. ऐकू आलं की एंटर दाबायचं. इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही बोलण्याची सोय आपोआप बसते. नव्या मॅकच्या पहिल्या स्क्रीनवर व्हॉइसओव्हर चालतो, आणि विंडोजच्या पहिल्या सेटअपमध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर.

"एनव्हीडीए वाइनमधून चालवा." हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. वाइन विंडोजचा प्रोग्राम चालवायचा प्रयत्न करतं, पण लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये काय लिहिलंय हे त्या प्रोग्रामला कळायला वाटच नाही. ती माहिती एटी-एसपीआयमधून जाते आणि एनव्हीडीएला ती भाषा येत नाही.

व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे संगणकाच्या आत एका खिडकीत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाची, गोष्ट निराळी. आत खरं विंडोज असतं, त्यामुळे आतला एनव्हीडीए आतलं सगळं वाचतो. बाहेरच्या स्क्रीन रीडरला मात्र ती खिडकी नुसतं चित्र असते. मॅकवर खरी अडचण कळांची आहे. व्हॉइसओव्हर चालू असताना कंट्रोल आणि ऑप्शन (म्हणजेच विंडोजची ऑल्ट) ही जोडी तो स्वतःसाठी अडवतो, म्हणून एनव्हीडीए सुरू करणारं कंट्रोल, ऑल्ट, एन आतपर्यंत पोचतच नाही. व्हॉइसओव्हर बंद करून आत जा, किंवा लॉग इन झाल्यावर एनव्हीडीए आपोआप सुरू होईल असं आधीच सेट करून ठेवा. मॅकच्या कीबोर्डला एनव्हीडीएच्या आज्ञांना लागणारी इन्सर्ट कळ नसते. शार्पकीज या प्रोग्रामनं विंडोजमध्ये दुसरी एखादी कळ इन्सर्ट म्हणून नेमून द्या.

"सगळे सारखेच." वेब पानावर एच दाबून पुढच्या हेडिंगवर जाणं एनव्हीडीए, जॉज (विंडोजवरचा आणखी एक स्क्रीन रीडर) आणि ऑर्का तिघांत सारखं आहे, हे खरं. पण एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि स्पेसनं ब्राउझ मोड (कळांनी पान वाचत फिरायची पद्धत) बदलतो. ऑर्कात त्याच कळांनी सेटिंगची खिडकी उघडते, मोड बदलायला इन्सर्ट आणि ए लागतं. हात सवयीनं चालतो, त्यामुळे पहिला आठवडा हे होणारच. व्हॉइसओव्हरचा विचारच वेगळा आहे. 'टेबल' असं ऐकू आलं की नवखा माणूस बाणाच्या कळा दाबत पुढे निघून जातो आणि टेबल रिकामं आहे असं समजतो. कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट आणि खालचा बाण दाबून आधी त्यात शिरावं लागतं. बाहेर यायला त्याच कळांबरोबर वरचा बाण दाबायचा. कळा शिकायला प्रत्येकात सोय आहे: एनव्हीडीएत इन्सर्ट आणि 1, ऑर्कात इन्सर्ट आणि एच, व्हॉइसओव्हरमध्ये कंट्रोल, ऑप्शन आणि के. त्यानंतर जी कळ दाबाल तिचं काम सांगितलं जातं, ते घडत नाही. सरावाला याहून चांगलं काही नाही.

सल्ल्यात एक भाग बरोबर आहे, तो मान्य करायला हवा. ऑफिसचं काम फक्त विंडोजवर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामवर असेल, किंवा त्या प्रोग्रामसाठी जॉजची खास स्क्रिप्ट लिहिलेली असेल, तर विंडोजच घ्यावं. लिनक्सचे सगळे डेस्कटॉपही सारखे बोलत नाहीत. सुरुवात ग्नोम किंवा माटेवर करावी. निवड करण्याआधी रोज लागणाऱ्या चार-पाच कामांची यादी काढा. उबुंटू किंवा फेडोरा हे लिनक्स लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करा, ऑर्का चालू करा आणि तीच कामं तासभर करून पाहा. 'इन्स्टॉल' निवडलं नाही तर डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं राहतं.