वजन बरोबर चाकांवर नको, थोडं पुढं हवं : कागवाडच्या अण्णांना उत्तर

नमस्कार अण्णा,

जड बोट जीपमागच्या ट्रेलरवर ठेवताना थोडा भार पुढं, जीपच्या हुकावर यावा, असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या भरण्यात तुमची हयात गेली. भार बरोबर चाकांवर यावा आणि दांडी एका माणसानं सहज उचलावी, हीच खरी भरणी. मी सांगतो तसं पुढं शंभर-सव्वाशे किलो टाकलं तर जीपचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतील. आणि पट्टे आवळून बांधले की बाकी हिशेब हवाच कशाला?

तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण हा सल्ला वाचून कुणी ७०च्या वेगानं बोट हायवेला काढली तर जिवावर बेतेल. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बैलगाडीचं. भार मागं गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि जुपण्या बैलाच्या गळ्याला आवळतात. म्हणून जाणता गाडीवान थोडा भार धुरेकडं ठेवतोच. तुम्हीही ठेवत असणार, फक्त हाताला सवय असल्यानं तो मोजावा लागत नाही. दोन चाकी ट्रॉलीचंही तेच. तिचा काही भार हुकावर येतो, म्हणून तर ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरतात. आणि ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगानं जातो. त्या वेगात भरणी थोडी चुकली तरी निभावतं. जीप साठ-सत्तरला गेली की निभावत नाही.

कारण असं. शेजारून कंटेनर सुसाट गेला, वाऱ्याचा झोत बसला की ट्रेलर हुकाभोवती किंचित वळतो. सगळ्या वजनाचा मध्य आसाच्या पुढं असेल तर चाकं त्याला परत सरळ ओढतात. मध्य आसाच्या मागं गेला तर मागचं जड टोक वळत्या दिशेनंच जात राहतं. मग ट्रेलर डावी-उजवीकडं झोलू लागतो आणि प्रत्येक झोल आधीपेक्षा मोठा होतो. वेग जितका जास्त, तितका तो आवरायला अवघड. शेवटी ट्रेलरच जीपचं मागचं अंग फेकायला लागतो. मध्य बरोबर आसावर ठेवला, म्हणजे तुम्ही म्हणता तसा, तर आपण या दोन्हींच्या सीमेवर उभे असतो. मागं एखादा डबा ठेवला तरी तोल पलीकडं जातो.

पट्टे तर हवेतच. बोटीच्या नाकाच्या कडीला विंचचा (ओढून गुंडाळायच्या रहाटाचा) पट्टा आणि साखळी, मागं दोन्ही कोपऱ्यांना दोन पट्टे, यात काटकसर नको. पण पट्ट्यानं बोट आणि ट्रेलर एकजीव होतात, एवढंच. त्या दोघांचं मिळून वजन कुठं आहे, ते पट्ट्यानं बदलत नाही.

आता आकडे बघा. ट्रेलर आणि बोट मिळून १२०० किलो, हुकापासून आसापर्यंत ५ मीटर. हुकावर एकूण वजनाच्या १० टक्के, म्हणजे १२० किलो हवे असतील तर वजनाचा मध्य आसाच्या ५० सेंटिमीटर पुढं लागतो. बोटीच्या मागच्या फळीला १०० किलोचं इंजिन टांगलंय आणि ते आसापासून अडीच मीटर मागं आहे, तर ते एकटं हुकावरचे ५० किलो खाऊन टाकतं. ते भरून काढायला बोट पुढं सरकवता येते, पण मागची फळी आधारावर नीट टेकलेली राहायला हवी. त्यापेक्षा आस धरून ठेवणारे यू-बोल्ट सैल करून आसच मागं घेतलेला मला बरा वाटतो. १० सेंटिमीटर मागं घेतला तर हुकावर वीसेक किलो वाढतात. पेट्रोलची टाकी, नांगर, जाळी हे सामान आसाजवळ ठेवा. दोन्ही टोकांना जड सामान ठेवून तोल साधला तर काट्यावर बरोबर दिसतं, पण रस्त्यावर झोल जास्त बसतो.

आणि पाणी! हे जवळजवळ सगळेच विसरतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली बोट वरून कोरडी दिसते, पण फळ्यांखाली पाणी साठलेलं असतं. ट्रेलरवर नाक जरा उचललं की ते खळखळत सगळं मागं, इंजिनाखाली जमतं. तळाचं बूच काढलं की काळपट, तेलाचा वास येणारी धार बराच वेळ वाहते. ६० लिटर म्हणजे ६० किलो, तेही नेमकं नको तिथं, आणि वळणावर इकडून तिकडं पळणारं. बूच काढून, नाक वर करून सगळं पाणी जाऊ द्या. त्यानंतरच वजन करा.

पाटे बसण्याचा तुमचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा आहे आणि तो मांडलात ते बरं झालं. हुकावर भार फार झाला की जीपचं तोंड उचलतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग आणि पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत. गाडीच्या पुस्तकात हुकावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते. १० टक्के त्या मर्यादेत बसत नसतील तर ती बोट त्या जीपसाठी जड आहे. भार मागं सारून जीप वाचवायला जाऊ नका, मोठी गाडी आणा.

मोजायला वेळ नाही म्हणता, पण आपल्या ऊसपट्ट्यात काट्याला काय तोटा? एकूण वजन ट्रॉलीच्या काट्यावर करा. हुकाचं वजन आडत दुकानातल्या सपाट काट्यावर होतं. ट्रेलर सपाट जागी, दांडी ओढताना असते त्याच उंचीवर, आणि टेकू अगदी हुकाच्या जागेखाली. पुढच्या छोट्या चाकाखाली काटा ठेवू नका, ते आसाला जवळ असल्यानं आकडा वाढीव दाखवतं.

संकेश्वरकडून निपाणीला येताना तवंदी घाट उतरतो, तिथं ट्रेलर मागून ढकलतो आणि झोल सुरू व्हायला निमित्त मिळतं. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. झोल सुरू झालाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरून ठेवा, ब्रेक दाबू नका आणि वेग वाढवून सरळ करायला तर मुळीच जाऊ नका.

२०१९च्या पुरात कृष्णाकाठच्या गावांना बोटीची किंमत कळली आहे. आता कुणी बोट आणत असेल तर ती धड पोहोचावी, एवढ्यासाठी हे लिहिलं. तुमच्याकडच्या ट्रेलरचं आणि बोटीचं इंजिनासकट मिळून वजन, हुकावरचं वजन आणि हुकापासून आसापर्यंतचं अंतर, हे तीन आकडे कळवा. आस किती सरकवायचा ते मांडून देतो.