भिंतीवरची यादी काढा
"2010 साली परीक्षा बंद केल्या आणि शाळांचं वाटोळं झालं. दर शनिवारी 20 गुणांची चाचणी घ्या, गुणांची यादी भिंतीवर लावा, मुलांच्या प्रगतीच्या नोंदवह्या अडगळीत टाका. दोन महिन्यांत वर्ग सुधारतो." कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, फोटोखाली हा मजकूर सातारा-सांगलीच्या शिक्षकांमध्ये फिरतोय. जतकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच रुजू झालेली माझी भाची विचारते, "मामा, लावू का यादी?" नको गं बाई.

परीक्षा बंद झाल्याच नव्हत्या. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयात संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, आहेच: पहिली-दुसरीला 30 टक्के भार, सातवी-आठवीला 60. बंद झालं ते नापास करणं. पाचवी-आठवीपुरतं तेही 2023 मध्ये बदललं.

खरा घोळ यादीत आहे. 503 वजा 278 हे गणित घ्या. एक पोरगा 375 लिहितो: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करून मोकळा. दुसरी लिहिते 235: शतक सुटं केलं, पण एककाला दशक दिल्यावर मधल्या दहाचे नऊ करायचे राहिले. दोघांना शून्य गुण, यादीत दोघं शेजारी. उपाय मात्र वेगळे. त्याला दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन स्थानिक किमतीपासून बसवावं लागेल. तिला शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा द्या, त्यातली एक पुन्हा मोडायला लावा, पाच मिनिटांत काम होतं. शनिवारी वीस गणितं घालून दोघंही तीच चूक वीसदा घोटतील.

रुथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग इथे पुरेसा आहे. काहींना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. काम सुधारलं ते नुसता शेरा मिळालेल्यांचं. गुण शेजारी आले की शेऱ्याचा फायदा उरला नाही.

आणि अण्णांचा फोटो कशाला? सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवणाऱ्या माणसाच्या फोटोखाली शेवटच्या नंबरांची नावं टांगायची?

नोंदवह्यांबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पस्तीस मुलांच्या नावांपुढे "प्रगती समाधानकारक" उतरवून काढणं म्हणजे शाईची नासाडीच. पण वही टाकू नका, नोंद बदला. रोज पाचसहा मुलांचीच लिहा, आणि "मधल्या शून्याला अडते, नोटा देऊन पाहणे" अशी लिहा.

चाचणी हवीच असेल तर तास संपताना चिठ्ठीवर एकच गणित द्या. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: बरोबर, एकसारखी चूक, बाकीचे. दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं मधल्या ढिगाला. तो ढीग निम्म्या वर्गाएवढा निघाला तर दोष आपल्या टाचणाचा, म्हणजे तासाच्या आखणीचा. तिथेच समासात लिहून ठेवा, पुढच्या वर्षी मधल्या शून्याला एक तासिका जास्त.