वादात हरला म्हणून नार्निया लिहिलं?

सी. एस. लुईसचं नाव निघालं की कुणीतरी ही गोष्ट सांगतंच. ऑक्सफर्डचा हा प्राध्यापक देवाच्या बाजूने वाद घालण्यात पटाईत होता. १९४८ साली एका तरुण बाईने भर सभेत त्याचा युक्तिवाद मोडून काढला. तो इतका खचला की धर्मावर लिहिणंच सोडलं, पोरांच्या परीकथांत तोंड लपवलं, आणि त्या बाईला बर्फातली चेटकीण करून सूड उगवला. झाली ‘नार्निया’ ही त्याची मुलांसाठीची पुस्तकमाला तयार!

गोष्ट झकास आहे. हम्फ्री कार्पेंटर (१९७८) आणि ए. एन. विल्सन (१९९०) या चरित्रकारांनी तिला बळ दिलं. तिच्यात थोडं खरंही आहे, म्हणून ती मरत नाही. ते खरं आधी सांगतो.

२ फेब्रुवारी १९४८. जागा ऑक्सफर्डचा सॉक्रेटिक क्लब. आस्तिक-नास्तिकांनी समोरासमोर बसून वाद घालावा यासाठी काढलेला, आणि लुईस त्याचा अध्यक्ष. त्या दिवशी निबंध वाचला एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी. वय २८, तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनच्या शिष्या. लुईसचं चमत्कारांवरचं पुस्तक आदल्याच वर्षी आलं होतं, त्यातलं तिसरं प्रकरण त्यांनी हातात घेतलं. लुईसचा मुद्दा असा होता: निसर्गापलीकडे काहीच नाही असं धरलं, तर आपले विचारसुद्धा अविवेकी कारणांतून उपजलेले ठरतात. मग ‘निसर्गापलीकडे काही नाही’ हा विचार तरी खरा कशावरून? बसलेली फांदीच तोडण्याचा प्रकार.

ॲन्स्कमबाई म्हणाल्या, थांबा. दगड गडगडत खाली येतो तो काही अविवेकी नसतो, त्याच्या बाबतीत विवेकाचा प्रश्नच येत नाही. शिवाय ‘कारण’ या शब्दाचे दोन अर्थ तुम्ही एकत्र कालवलेत. हे मराठीतही तंतोतंत होतं. ‘आज आजोबांना बरं नाही, कारण काल त्यांनी लॉब्स्टर खाल्ला.’ आणि ‘आज आजोबांना बरं नसणार, कारण ते अजून उठलेले नाहीत.’ पहिल्या वाक्यात दुखणं कशाने आलं ते सांगितलंय, दुसऱ्यात ते आपण कशावरून ओळखलं ते. उशिरा उठल्यामुळे कुणी आजारी पडत नाही. आपल्याकडे ‘कशाने’ आणि ‘कशावरून’ असे दोन निराळे प्रश्न आहेत, पण उत्तर दोन्हींचं ‘कारण’ म्हणूनच सुरू होतं.

आता गंमत बघा. आजोबांचं हे उदाहरण खुद्द लुईसचं आहे, त्याच पुस्तकाच्या १९६०च्या आवृत्तीतलं. टीका पटली म्हणून त्याने ते प्रकरण शीर्षकासकट नव्याने लिहिलं. तोंड लपवलेला माणूस बारा वर्षांनी नेमका त्याच पानांवर कशाला परत येईल?

तो खचला होता का? लागलं असणार, यात मला शंका नाही. त्याच्या काही मित्रांना तो फार अस्वस्थ झाल्याचं आठवत होतं. ॲन्स्कमबाईंनी १९८१मध्ये या प्रसंगावर लिहिलं, तेव्हा त्यांची आठवण मात्र शांत, मुद्देसूद चर्चेची होती. काही आठवड्यांनी त्या आणि लुईस डॉक्टर हॅवर्ड या मित्राच्या घरी जेवायला एकत्र होते, आणि हॅवर्डलाही लुईस खचल्याचं काही आठवत नव्हतं. लुईसने प्रकरण पुन्हा लिहिलं यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो, असंही बाईंनी नोंदवलं. लुईसची स्वतःची प्रतिक्रिया तर याहून खुसखुशीत. १९५०मध्ये क्लबसाठी वक्ते सुचवताना त्याने त्यांचंच नाव घातलं आणि वर लिहिलं की मला धर्माचा वकील म्हणून बाईंनी नेस्तनाबूत केलंय, तर आता माझी गादी त्यांनीच चालवायला नको का?

गादी त्यांनी चालवावी, कारण त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, कट्टर कॅथलिक. हा तपशील फिरणाऱ्या गोष्टीतून नेमका गळतो. वाचणाऱ्याला वाटतं, एका नास्तिकाने आस्तिकाला पाडलं. प्रत्यक्षात त्या पाडत होत्या एक कच्चा युक्तिवाद. देवाला त्यांनी हात लावला नव्हता.

‘धर्मावर लिहिणं सोडलं’ हे सरळ चूक. युद्धकाळातली रेडिओ भाषणं सुधारून ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ १९५२ला आलं. १९५५ला आत्मकथन, १९५८ला स्तोत्रांवरचं पुस्तक, १९६०ला प्रेमाच्या चार प्रकारांवरचं. क्लबचं अध्यक्षपद त्याने १९५४मध्ये केंब्रिजला जाईपर्यंत सोडलं नाही. चमत्कारांवरच्या पुस्तकासारखं निव्वळ तर्काने किल्ला लढवणारं नवं पुस्तक पुन्हा झालं नाही, एवढं मान्य. पण त्या वर्षांत त्याच्या मानेवर सोळाव्या शतकाच्या इंग्रजी साहित्याचा ऑक्सफर्डचा जाडजूड इतिहास बसला होता. त्या इतिहासमालिकेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (OHEL) तो त्याला ‘ओ हेल’, म्हणजे ‘अरे नरका’, म्हणायचा.

आता परीकथांकडे पळण्याबद्दल. सप्टेंबर १९४७च्या एका पत्रात तो लिहितो की मी मुलांसाठी एक गोष्ट लिहून पाहिली, पण ती इतकी वाईट असल्याचं मित्रांनी एकमताने ठरवलं की मी ती नष्ट केली. सॉक्रेटिक क्लबमधली संध्याकाळ अजून पाच महिने लांब होती. त्याच्याही आधी, १९३९मध्ये, लंडनहून युद्धामुळे हलवलेली मुलं त्याच्या घरी राहायला आली, तेव्हा त्याने असल्याच चार मुलांच्या गोष्टीची सुरुवात कागदावर उतरवली होती. आणि बेलफास्टमधल्या लहानपणी? दहा वर्षांचाही नव्हता तेव्हापासून तो कपडे घातलेल्या, बोलणाऱ्या प्राण्यांचा देश रचत होता. मोठ्या भावाने, वॉर्नीने, स्वतःसाठी घेतलेला देश होता इंडिया. दोन्ही मिळून त्यांनी बॉक्सन नावाचं राज्य केलं. नार्नियाच्या पूर्वजांत आपलाही नंबर लागतो, हे मला उगाचच आवडतं.

राहिली चेटकीण. नार्निया चित्रांतून सुरू झालं, असं लुईस सांगतो. छत्री घेतलेला फॉन, म्हणजे कमरेखाली बकरा आणि वर माणूस. घसरगाडीवर बसलेली राणी. एक भव्य सिंह. मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवायची योजना आधी आखून मग गोष्ट बेतली, हा समज तर त्याने साफ उडवून लावला. राणी आणि बर्फ एकत्र आल्यावर मला पहिल्यांदा अँडरसनच्या परीकथेतली हिमराणी आठवते, तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका नाही. आणि बर्फाळ जंगलातून छत्री आणि पुडकी सावरत निघालेला तो फॉन लुईसच्या डोक्यात आला, तेव्हा तो साधारण सोळा वर्षांचा होता. म्हणजे साल १९१४-१५. ॲन्स्कमबाईंचा जन्म १९१९चा.