टेम्पो स्टाफ टेक्स्टमध्ये कोंबणाऱ्यांनो, आता बास!

१७ सप्टेंबर जवळ आला, मुक्तिसंग्राम दिनाच्या संचलनासाठी शाळांच्या बँडच्या फायली फिरायला लागल्या की हाच वैताग. नांदेड असो, परभणी असो, म्युझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरची फाईल उघडावी तर टेम्पो, म्हणजे वाजवायची लय, लिहिलेला स्टाफ टेक्स्टमध्ये. कामून? स्टाफ टेक्स्टच्या कंट्रोल-टीची सवय लागली म्हणून?

स्टाफ टेक्स्ट एकाच वाद्याच्या ओळीला चिकटतं. सगळ्या वाद्यांच्या एकत्र फुल स्कोरवर बासरीच्या डोक्यावर ‘९६’ (मिनिटाला ठोके) झोकात दिसतं आणि पार्ट, म्हणजे एकेका वाद्याचे कागद, छापले की ते निघतं फक्त बासरीच्या कागदावर. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम कोरेच! सगळ्यात वाईट हाल बास ड्रमवाल्याचे. त्याला १६ बारचा (तालाच्या घरांचा) विश्राम आहे आणि नवव्या बारला लय बदलते. खरा टेम्पो मार्क असता तर तो विश्राम तिथे आपोआप ८ आणि ८ असा तुटला असता. स्टाफ टेक्स्ट बासरीवर, त्यामुळे याच्या कागदावर एकच लांबलचक पट्टी आणि वर १६. लय बदलल्याचं त्या पोराला कळणार कसं? आणि चुकला की शिव्या त्यालाच!

संगणकावरचा प्लेबॅकही त्या अक्षरांना विचारत नाही. टेम्पो मार्क नसला की तो मिनिटाला १२० क्वार्टर नोट (पाव स्वर) धरून वाजवतो. पोरं तेच ऐकून पाठ करतात.

खऱ्या टेम्पो मार्कसाठी ऑल्ट-शिफ्ट-टी. एवढंच दाबायचं असतं हो! सगळ्या पार्टमध्ये टेम्पो जातो, प्लेबॅक पण ऐकतो. ६/८ तालात मात्र टिंबवाली (दीडपट लांब) क्वार्टर नोट घ्या. टिंब विसरून साधी क्वार्टर ६० लिहिली, की टिंबवालीचा ठोका ४० वर येतो आणि संचलनाची अंत्ययात्रा होते.

दुसरा छळ सजावटीचा. एक टेम्पो १४ पॉइंट, पुढचा ११, तिसरा तिरका, चौथा स्पेसबार दाबदाबून सरकवलेला. पानाची मांडणी बदलली की तो थेट सुरांवर जाऊन बसतो. काही जण तर जुन्या म्युझिक फॉन्टमधला इंग्रजी ‘क्यू’ टाकून नोटेचं चित्र काढतात. डीटीपीवाल्याकडे तो फॉन्ट नसतो, मग छापून येतं ‘क्यू = ९६’. वाजवणाऱ्याने त्याचं काय करायचं?

फॉरमॅट, स्टाईल, टेक्स्ट स्टाईल्स, टेम्पो. फॉन्ट नि आकार तिथे एकदाच ठरवा. ‘मध्यलय’, ‘द्रुत’ देवनागरीत लिहायचं असेल तर मुक्तासारखा फॉन्ट तिथेच निवडा. म्युझस्कोरच्या एडविन फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे दर संगणक आपल्या मनाचा फॉन्ट घालतो आणि रुंदी बदलते. आधी हाताने केलेले बदल स्टाईलला जुमानत नाहीत, ते फॉरमॅट मेन्यूतून रीसेट करा.

आणि पाठवण्याआधी बास ड्रमचा पार्ट उघडून बघा. फक्त स्कोर बघून फाईल ढकलू नका.