मतलेख डोळे मिटून वाचण्याविषयी काही सूचना

वृत्तपत्रांतील मतलेखांत लेखकाचा कल ओळखावा, शब्दांची भुरळ पडू देऊ नये, असे काही अतिशहाणे लोक सांगत असतात. सोलापूरच्या सुज्ञ वाचकांनी त्यांच्या नादी लागू नये.

आकडा दिसला की हात जोडावेत. उजनीचेच पाहा. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवलेले पाणी, आणि टक्केवारी काढली जाते ती केवळ उरलेल्या ५३ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. म्हणूनच उन्हाळ्यात धरण 'उणे' होते, तरी पाणी असतेच. आता ज्याला उसासाठी सुटणारे कालव्याच्या पाण्याचे आवर्तन रोखायचे आहे तो 'उजनी शून्याखाली' असा टाहो फोडेल आणि ज्याला कालवा सोडवून घ्यायचा आहे तो त्याच दिवशी '६० टीएमसी पाणी उशाला, शेतकरी तहानलेला' असे लिहील. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नसतो, हीच तर खरी कारागिरी! तेव्हा टक्के नेमके कशाचे, असे विचारून आपण रसभंग करू नये.

नामांच्या बाबतीतही हीच श्रद्धा ठेवावी. जून २०२३ मध्ये विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. तिला 'अडथळा' म्हणणाऱ्याच्या लेखात विमान पहिल्याच ओळीत उडते आणि 'अस्मिता' म्हणणाऱ्याच्या लेखात शेवटपर्यंत धावपट्टी येत नाही. आपल्याला जो शब्द आधी भेटेल तोच आपला पक्ष मानावा, म्हणजे युक्तिवाद तपासण्याचे कष्ट वाचतात.

'प्रत्येक सोलापूरकराच्या मनात आज एकच प्रश्न आहे' असे वाक्य आले, तर लेखक नवी पेठेपासून हद्दवाढ भागापर्यंत घरोघरी विचारून आला असणार, असे निःशंकपणे धरून चालावे. आपल्या मनात तो प्रश्न नसल्यास दोष आपल्या मनाचा. 'जाणकारांच्या मते' म्हणजे कोणाच्या मते, हे विचारणे तर केवळ असभ्यपणाचे आहे.

लेखक ज्या संस्थेची बाजू मांडतो तिच्याच संचालक मंडळावर असल्याचे लेखाखालच्या बारीक टाइपातल्या परिचयात सापडण्याची भीती असते, म्हणून लेख संपताच पान उलटावे. एवढे करूनही संपादकांना पत्र लिहावेसे वाटलेच, तर 'आपला निर्भीड लेख वाचला' अशी सुरुवात करावी आणि आकड्याचा खुलासा मागणारे वाक्य मुळीच घालू नये, कारण जागेअभावी कात्री लागते ती नेमकी त्याच वाक्याला.