फुटबॉल क्लब बुडवण्याचा राजमार्ग

समजा, उद्या तुमच्या हाती एक फुटबॉल क्लब आला. पडका नव्हे, चांगला जिंकणारा. कपाटं चषकांनी भरलेली, खेळाडू एकमेकांशी बोलतायत, प्रशिक्षक मिशाळ आणि मितभाषी. अशा क्लबचा अध्यक्ष होण्यात एक मोठी अडचण असते. सगळं सुरळीत चाललेलं असल्यामुळे तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तेव्हा नाव करायचं असेल तर आधी चाललेलं काहीतरी मोडायला हवं. कसं मोडायचं याची चिंता नको. अभ्यासक्रम तयार आहे. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबचे अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी २००० ते २००६ या काळात तो सविस्तर करून दाखवलाय, आपण फक्त गिरवायचं.

सुरुवात निवडणुकीपासून. रेआल माद्रिद कुणा शेठच्या मालकीचा नाही. सभासदांचा क्लब, अध्यक्ष मतदानानं ठरतो, म्हणजे आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या चेअरमनसारखंच प्रकरण. २००० साली खुर्चीवर लोरेन्झो सान्झ होते. त्यांच्या कारकिर्दीत क्लबनं १९९८ आणि २००० अशी दोनदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली होती. असा माणूस पडेल कसा? पडला. पेरेझ यांनी सभासदांना सांगितलं, मला निवडून द्या, बार्सिलोनाचा लुईस फिगो आणून दाखवतो. आणलाही. सभासदाला घरातल्या दोन चषकांपेक्षा वैऱ्याच्या घरातून पळवलेला एक माणूस जास्त प्रिय असतो, हे ज्याला कळलं त्याला निवडणूक कळली.

पुढं दर उन्हाळ्यात एक तारा. २००१ मध्ये झिदान, २००२ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो, २००३ मध्ये बेकहॅम. शंकेखोर वाचक म्हणतील, पण हे तर चाललं की! २००१ ची लीग, म्हणजे स्पेनची देशांतर्गत साखळी स्पर्धा, जिंकली, २००२ मध्ये ग्लासगोला झिदाननं डाव्या पायानं हवेतच मारलेल्या त्या गोलावर चॅम्पियन्स लीग आली, २००३ ला पुन्हा लीग. खरंय. या टप्प्यावर नवशिके अध्यक्ष गोंधळतात आणि संघ तसाच ठेवतात. त्यांना वाटतं ताऱ्यांमुळे जिंकतोय. तुम्ही मात्र नीट बघा. फिगो आणि झिदान पुढं गेले की त्यांच्यामागं मोकळं पडलेलं मैदान कोण झाडतंय, ते शोधा. सापडला की त्याला विका.

त्याचं नाव क्लॉद माकेलेले. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायचा आणि तीन-चार पावलांवरच्या ताऱ्याच्या पायात ठेवायचा, एवढंच काम. शर्ट विकले जात नाहीत, पोस्टरवर जागा नाही, आणि पगार ताऱ्यांच्या मानानं किरकोळ. २००३ मध्ये त्यानं पगार वाढवून मागितला. अध्यक्ष म्हणून इथं तुमची परीक्षा आहे. चुकूनही वाढवू नका. वाढवलात तर झाडणाऱ्यालाही किंमत असते हे सगळ्या ड्रेसिंग रूमला कळेल, मग तुमच्या ताऱ्यांची झळाळी ती काय उरली? पेरेझ यांनी पगार दिला नाही, माणूस इंग्लंडच्या चेल्सी क्लबला जाऊ दिला, आणि वर शेरा मारला की याचं तंत्र बेताचं, हेडिंग जमत नाही, नव्वद टक्के पास मागे नाहीतर आडवे जातात. शेऱ्याचा हा भाग विसरू नका, नुसतं विकून काम अर्धवट राहतं. जाताना अपमान झाला की मागं राहिलेल्यांना बरोबर निरोप पोचतो. माकेलेलेच्या चेल्सीनं पुढं २००४-०५ च्या लीगमध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि तो ज्या जागी खेळायचा त्या जागेलाच इंग्लंडमध्ये त्याचं नाव पडलं. पण तो इंग्लंडचा प्रश्न.

आता तो मिशाळ प्रशिक्षक. विसेन्ते देल बोस्के. तरुणपणापासून क्लबचा माणूस, खेळाडू म्हणून इथं वाढला, नंतर अॅकॅडमीत पोरं घडवली, मग मुख्य संघ हातात घेऊन चार वर्षांत दोन लीग आणि दोन चॅम्पियन्स लीग. ताऱ्यांना न ओरडता सांभाळणं हे त्याचं कौशल्य, आणि ते न ओरडता असल्यामुळे कुणाच्या नजरेत भरत नसे. २२ जून २००३ ला त्यानं लीग जिंकली, २३ जूनला त्याला नारळ दिला. वेळ साधावी तर अशी. हरल्यावर तर कुणीही हाकलतो; जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी हाकललं की आपल्याला निकालाशी घेणं-देणं नाही हे जगाला दिसतं. (याच देल बोस्केनं स्पेनला २०१० चा विश्वचषक आणि २०१२ चा युरो चषक जिंकून दिला. पण मिशी मात्र जुन्याच वळणाची राहिली.) त्याच सुमारास कर्णधार फर्नांडो हिएरोचाही करार वाढवला नाही. ड्रेसिंग रूममध्ये मोठ्यानं बोलू शकणारा माणूस ताऱ्यांच्या डोळ्यांवर येतो, आणि अध्यक्षांच्या तर जास्तच.

राखीव बाकाबद्दल दोन शब्द. बाकावर चांगला आघाडीपटू बसलेला असणं ही उधळपट्टी. फर्नांडो मोरिएन्तेस असाच बसून होता. रोनाल्डो आल्यावर त्याला जागा नव्हती. त्याला वर्षभरासाठी मोनॅको क्लबला उसना देऊन टाकला. स्टीव्ह मॅकमॅनमनला मँचेस्टर सिटीकडं सोडलं. मागं उरलेली जागा भरायला अॅकॅडमीतली पोरं होतीच. त्याला धोरण म्हणत: ‘झिदान आणि पावोन’. पुढं झिदानसारखे विकत घेतलेले राजे, मागं फ्रान्सिस्को पावोनसारखी घरची स्वस्त मुलं. कागदावर फार सुरेख दिसतं. त्या मोसमात सेव्हियात ४-१ असा मार बसला तेव्हा रुबेन नावाच्या अशाच एका तरुण बचावपटूला पहिल्या सत्रातच बाहेर बोलावलं आणि तो बाकावर बसून रडला. त्याच्यापुढं पाच महागडे आघाडीचे वीर होते, मागं धावून येणारा एकही नव्हता. पोरगा मनानं कच्चा निघाला, असं म्हणून हा विषय तुम्ही मिटवू शकता.

मोसमाची तयारी म्हणजे सराव, असा गावंढळ समज अजून आहे. २००३ च्या उन्हाळ्यात रेआलनं बेकहॅमला घेऊन आशियाचा दौरा काढला: बीजिंग, टोकियो, हाँगकाँग, बँकॉक. तुम्हीही प्रशिक्षकाला विचारू नका, थेट प्रायोजकाला विचारा. प्रशिक्षक काय, या खेळाडूंना विश्रांती हवी, असलं काहीतरी सांगतो. आणि हो, बेकहॅम आयुष्यभर उजव्या बाजूला खेळलेला. तिथं आधीच फिगो. मग बेकहॅमला मधोमध घालायचं, माकेलेलेनं रिकामी केलेल्या पट्ट्यात. फ्री किक सुंदर मारणाऱ्यानं झाडूही सुंदर मारावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही.

निकाल मिळायला थोडा धीर धरावा लागतो, हे आधीच सांगतो. मार्च २००४ च्या मध्यापर्यंत रेआल लीगमध्ये अव्वल होता, स्पॅनिश चषकाच्या अंतिम फेरीत होता, चॅम्पियन्स लीगमध्येही टिकून होता. तिन्ही चषकांची भाषा चालली होती. आणि मग तेच ते अकरा-बारा जण दर तीन दिवसांनी पळून पळून थकले. १७ मार्चला झारागोझानं अंतिम सामन्यात जादा वेळेत ३-२ हरवलं. पुढं चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत समोर आला मोनॅको. घरच्या मैदानावर रेआल ४-२ जिंकला, परतीच्या सामन्यात १-३ हरला, बेरीज ५-५, आणि बेरीज सारखी असली की बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढं जातो, या तेव्हाच्या नियमानं रेआल घरी. दोन्ही सामन्यांत मोनॅकोकडून गोल करणारा एकजण होता. बरोबर ओळखलंत, मोरिएन्तेस. आपलाच करार, आपलाच माणूस, आपल्यालाच गोल. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक गोलही त्याचेच, नऊ. राखीव खेळाडू उसना देण्याचा इतका शुद्ध परतावा फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच कुणाला मिळाला असेल.

लीगचे शेवटचे पाच सामने रेआल ओळीनं हरला. बार्सिलोना, देपोर्तिवो, मायोर्का, मुर्सिया, रेआल सोसिएदाद. यातला मुर्सिया त्या वर्षी तळाला होता. बक्षीस: चौथा क्रमांक. लीग नेली राफाएल बेनितेझच्या व्हॅलेन्सियानं. त्यांच्याकडं पोस्टरवर छापण्याजोगं तोंड फारसं नव्हतं. प्रशिक्षक कार्लोस केइरोझ यांना एका मोसमात निरोप. इथून पुढचं सोपं आहे, आपोआप होतं. कामाचो आले, लीगचे तीन सामने झाले, राजीनामा देऊन गेले. मग गार्सिया रेमोन, मग लुशेम्बुर्गो, मग लोपेझ कारो. दरम्यान ओवेन आला, रोबिन्यो आला, चषक काही येईना.

बैल गेल्यावर झोपाही केला गेला. माकेलेलेची जागा रिकामी आहे हे जानेवारी २००५ मध्ये लक्षात आलं आणि एव्हर्टनहून थॉमस ग्रावेसेन आणला. दणकट, टक्कल केलेला, रागीट चेहऱ्याचा, म्हणजे झाडणाराच असणार. प्रत्यक्षात एव्हर्टनमध्ये झाडायचं काम ली कार्सली करायचा, आणि टक्कल त्यालाही होतं. रेआलनं चुकीचा टकल्या उचलला, हा विनोद इंग्लंडचे चाहते आजही सांगतात. विनोद आहे, पण त्यातली निवडपद्धत तुम्हाला उपयोगी पडेल. फेब्रुवारी २००६ मध्ये पेरेझ यांनी राजीनामा दिला आणि खेळाडूंना कदाचित आपणच लाडावून ठेवलं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेले. ही एक गोष्ट तुम्ही करू नका.

अभ्यासक्रमाचं खरं फळ उशिरा येतं. एस्तेबान काम्बियासो त्याच २००३-०४ च्या बाकावर होता; २००४ मध्ये फुकटात इंटर मिलानला गेला. २२ मे २०१० ला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला तो रेआलच्याच बेर्नाबेऊ मैदानावर. इंटरनं बायर्न म्यूनिकला २-० हरवलं. इंटरच्या पहिल्या अकरांत काम्बियासो, वॉल्टर सॅम्युएल, स्नायडर आणि एतो, चौघेही कधी ना कधी रेआलनं सोडलेले. मैदान रेआलचं, माणसं रेआलची. उरला तो चषक.

कुणी म्हणेल, एवढंच ना, मग खूप खेळाडू घेऊन ठेवतो, बाक भरून टाकतो. हाही मार्ग चालतो, फक्त खर्चिक. चेल्सीच्या नव्या मालकांनी २०२२-२३ मध्ये तो करून पाहिला. जानेवारीत एकदम आठ नवे खेळाडू, मुद्रिकचा करार साडेआठ वर्षांचा, मोसमात प्रशिक्षक टुखेल गेले, त्यांच्या जागी आलेले पॉटर गेले, हंगामी म्हणून लॅम्पार्ड आले आणि संघ बाराव्या क्रमांकावर थांबला. बाकावर कोण बसलंय हे बाकावर बसलेल्यालाच माहीत नसेल तर त्याला राखीव फळी म्हणत नाहीत, प्रतीक्षालय म्हणतात.

धोका कुठून येऊ शकतो तेही सांगून ठेवतो, म्हणजे सावध राहाल. धोका आतून येतो. २००९ मध्ये पेरेझ परतले आणि काही वर्षांनी त्यांनी प्रशिक्षक म्हणून नेमला चक्क झिदान, जुन्या पोस्टरवरचा. माणूस बिघडलेला निघाला. माकेलेले गेल्यावर आपल्या मागं काय होतं, हे त्यानं स्वतःच्या पाठीवर भोगलं होतं. त्यानं मधोमध कासेमिरोला रोवून ठेवलं, जो पोस्टरसाठी अजिबात कामाचा नाही. २०१६-१७ मध्ये तर त्यानं क्रिस्तियानो रोनाल्डोलाच बाहेरच्या कित्येक सामन्यांना घरी ठेवलं. वर्षभर दोन संघ खेळवले: एक नावाजलेला, दुसरा इस्को, मोराता, हामेस, असेन्सियो, कोवाचिच, नाचो यांचा. एप्रिलमध्ये देपोर्तिवोच्या मैदानावर नऊ बदल करून उतरले आणि ६-२ जिंकले. मोरातानं बहुतेकदा बाकावरून येऊन लीगमध्ये १५ गोल केले. मे महिन्यात रोनाल्डो ताजातवाना होता, आणि लीग व चॅम्पियन्स लीग दोन्ही घरात.

अशा वेळी घाबरून न जाता उन्हाळ्याची वाट पाहावी. त्याच उन्हाळ्यात मोराता चेल्सीला गेला, हामेस बायर्नला, दानिलो मँचेस्टर सिटीला, पेपे तुर्कस्तानला. पुढच्या मोसमात लीगमध्ये तिसरा क्रमांक. चॅम्पियन्स लीग पुन्हा जिंकली हे खरं, अभ्यासक्रमात अशा गळत्या असतात. पण अंतिम सामन्याला आठवडा व्हायच्या आत झिदान स्वतःहून निघून गेला, पाठोपाठ रोनाल्डोही युव्हेंतुसला, आणि अध्यक्षांना पुन्हा मोकळं मैदान मिळालं. त्यांनी स्पेनचा प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी यांनाच उचललं, तेही विश्वचषकात स्पेनचा पहिला सामना तीन दिवसांवर असताना. स्पेननं संतापून दुसऱ्याच दिवशी लोपेतेगींना काढलं आणि ऐनवेळी संघ सांभाळायला बसवलं हिएरोला. हो, तोच.

लोपेतेगी माद्रिदला आले ते ऑक्टोबरपर्यंत टिकले. बार्सिलोनात ५-१ असा धुव्वा उडाल्यावर त्यांना काढणारं निवेदन क्लबनं काढलं. त्यात लिहिलं होतं की बॅलन डी’ओरसाठी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी, नामांकन मिळालेले आठ खेळाडू संघात असताना निकाल मात्र त्या दर्जाला साजेसे नाहीत. हा मसुदा जपून ठेवा. तुमच्या वेळी फक्त आकडा आणि प्रशिक्षकाचं नाव बदलायचं.